‘म्या पाह्यलं’ : ह्यूस्टनचा स्कारफेस आणि दक्षिणेची वाणी

— द्वितीय वर्ष कला

एका गाण्याच्या नावात व्याकरणाची चूक आहे. त्या चुकीपासूनच ह्या लेखाला सुरुवात करतो. कारण ती चूक माझ्या दृष्टीस पडली नसती, तर हा लेखही लिहिला गेला नसता.

वसतिगृहाच्या खोलीत आम्ही चौघेजण राहतो. आमच्यापैकी एकाला अमेरिकन ‘रॅप’ ऐकण्याचे वेड आहे. रात्री दिवा मालवला, की त्याच्या मोबाइलवर हलक्या आवाजात काहीतरी सुरू असते. पहिले काही महिने मला ती नुसती बडबड वाटे. ‘ह्याला गाणे का म्हणायचे?’ हा माझा नेहमीचा प्रश्न. एके रात्री मात्र पडद्यावर गाण्याचे नाव वाचले : ‘आय सीन अ मॅन डाय’. मी एक माणूस मरताना पाहिला, असा त्याचा अर्थ. इंग्रजीचा तास नुकताच झालेला. ‘सॉ’ म्हणायला हवे, नाहीतर ‘हॅव सीन’ म्हणायला हवे. नुसते ‘सीन’ चालत नाही. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! आठवीपर्यंत ज्याला इंग्रजी धड वाचता येत नव्हते, त्या मुलाने एका अमेरिकन माणसाची इंग्रजीतली चूक काढली होती.

दुसऱ्या दिवशी ती चूक मी आमच्या इंग्रजीच्या सरांना दाखवली. सर हसले आणि म्हणाले, ‘‘पुस्तकाप्रमाणे चूकच. पण असे बोलणारी लाखो माणसे आहेत, आणि त्यांना एकमेकांचे सगळे समजते. हा मनुष्य कोण, कुठला, हे आधी शोधून काढ. मग चूक कोणाची ते ठरवू.’’

त्या शोधातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. रॅप म्हणजे तालावर, यमके जुळवीत, बोलण्याच्या अगदी जवळून जाणाऱ्या लयीत केलेले कथन. त्याचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स ह्या गरीब वस्तीत झाला असे मानतात. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील एका इमारतीत कूल हर्क नावाच्या तरुणाने एका घरगुती समारंभात तबकड्या वाजवल्या. नाचणाऱ्यांना गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा सर्वांत जास्त आवडतो, हे त्याने हेरले होते. म्हणून दोन तबकड्या शेजारी ठेवून तो तेवढाच तुकडा पुनःपुन्हा वाजवी. त्या लांबवलेल्या तालावर बोलणे सुरू झाले आणि पुढे तेच बोलणे मुख्य ठरले. १९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ ह्या तबकडीने ही कला वस्तीबाहेर नेली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिसचे तरुणही पुढे आले. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा, अशी दोन घराणीच जणू तयार झाली.

आणि दक्षिण? दक्षिणेला कोणी विचारीत नव्हते. अमेरिकेचा दक्षिण भाग म्हणजे कापसाचा, गुलामगिरीचा, शेतमजुरांचा प्रदेश. तिथली कृष्णवर्णीय माणसे सावकाश, शब्द लांबवून बोलतात. न्यूयॉर्कच्या चटपटीत पोरांना ते बोलणे गावंढळ वाटे. ज्यांच्या स्वतःच्या आज्या-पणज्या दक्षिणेतून पोट भरायला उत्तरेत आल्या, त्यांचीच नातवंडे दक्षिणेच्या बोलीला हसत होती! हे वाचले तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. त्याचे कारण पुढे येईलच.

टेक्सास राज्यातील ह्यूस्टन हे असेच दक्षिणेचे शहर. तेलाचा धंदा, मोठे बंदर आणि अवकाश-संशोधन केंद्र ह्यांमुळे त्याचे नाव आपण भूगोलात वाचलेले असते. पण त्याचा दुसराही एक इतिहास आहे. अब्राहम लिंकन ह्यांनी गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आणला. परंतु ह्यूस्टनपासून जवळच असलेल्या गॅल्व्हस्टन बंदरात ती बातमी लष्करी हुकमाच्या रूपाने पोहोचली १९ जून १८६५ ला. म्हणजे कागदावर स्वतंत्र झालेली टेक्सासमधील माणसे आणखी जवळजवळ अडीच वर्षे राबतच होती. ह्याच ह्यूस्टनच्या ‘थर्ड वॉर्ड’ भागात लाइटनिन हॉपकिन्स हा गायक गिटारीवर ‘ब्लूज’ गात असे. ब्लूज म्हणजे कृष्णवर्णीयांचे दुःखगान. तो १९८२ साली वारला. त्याच सुमारास शहराच्या दक्षिण भागातील साउथ एकर्स वस्तीत ब्रॅड जॉर्डन नावाचा एक शाळकरी मुलगा वाढत होता.

ब्रॅड टेरेन्स जॉर्डनचा जन्म ९ नोव्हेंबर १९७० चा. संगीताची गोडी लहानपणापासून. तो गिटारही वाजवी. परंतु बालपण सुखाचे नव्हते. मनाला घेरून टाकणारी एक उदासी त्याला कोवळ्या वयातच जडली होती. स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्नही त्याच्या हातून घडला आणि रुग्णालयाच्या मनोरुग्ण विभागात त्याला काही काळ राहावे लागले. ही गोष्ट त्याने लपवून ठेवलेली नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ ह्या आत्मकथनात त्याने ती उघडपणे सांगितली आहे. अल्पवयातच तो शाळेपासून दुरावला, अमली पदार्थांच्या धंद्यात शिरला. आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने तबकड्या वाजवण्याचे, यमके जुळवण्याचे वेडही वाढत गेले.

ह्यूस्टनमध्ये जेम्स प्रिन्स नावाचा एक तरुण जुन्या मोटारींचा व्यापार करीत असे. त्याने १९८६ च्या सुमारास ‘रॅप-अ-लॉट’ नावाची ध्वनिमुद्रण कंपनी काढली. न्यूयॉर्कचे लोक दार उघडत नाहीत, तर आपले घर आपणच बांधू, हा त्यामागचा विचार. तबकड्या स्वतः काढायच्या, मोटारीत घालून गावोगावच्या दुकानांत स्वतः पोहोचवायच्या, असा हा खटाटोप होता. दक्षिणेतील पुढच्या कित्येक कंपन्यांनी हाच मार्ग धरला. ह्या कंपनीने ‘गेटो बॉइज’ हा संच उभा केला होता. संचाचे सदस्य बदलत गेले आणि १९८९ च्या तबकडीपासून विली डी, बुशविक बिल आणि ब्रॅड जॉर्डन ही त्याची ओळखीची मंडळी झाली. जॉर्डनने १९८३ च्या ‘स्कारफेस’ ह्या गुन्हेगारी चित्रपटावरून एक गाणे केले होते. त्या गाण्याचेच नाव त्याला कायमचे चिकटले.

गेटो बॉइजची सुरुवातीची गाणी ऐकवत नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. त्यांत खून आहेत, रक्त आहे, स्त्रियांवरच्या अत्याचारांची वर्णने आहेत. १९९० साली त्यांची तबकडी देशभर वितरित होण्याची वेळ आली, तेव्हा गेफेन ह्या मोठ्या कंपनीने ते काम करण्यास नकार दिला. पुढे १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे इच्छुक असलेले सिनेटर बॉब डोल ह्यांनी एका गाजलेल्या भाषणात मनोरंजन-व्यवसायाला फटकारताना ज्यांची नावे घेतली, त्यांत गेटो बॉइज हेही होते.

ह्या मुद्द्यावर आमच्या वर्गात कडाक्याचे भांडण झाले. माझा मित्र म्हणाला, ‘‘वस्तीत जे घडते, तेच ते सांगतात.’’ त्यावर एक विद्यार्थिनी ताडकन म्हणाली, ‘‘मग त्या वस्तीतल्या बाईला काय वाटते, हे का नाही सांगत? तिला मारताना मजा वाटल्यासारखे का गातात?’’ तिला आम्हांला उत्तर देता आले नाही. आणि आजही माझ्याजवळ उत्तर नाही. एखाद्याने खूप सोसले, म्हणून त्याने दुसऱ्याला दिलेला घाव क्षम्य होत नाही. हा आरोप बाजूला सारून स्कारफेसची थोरवी सांगता येणार नाही. मात्र त्याची कला तिथेच थांबली नाही, हेही तितकेच खरे आहे.

१९९१ साली ह्या संचाचे ‘माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी’ हे गाणे आले. मन माझ्याशी खेळ करते आहे, असा शीर्षकाचा आशय. हे वाक्य आपली आजी घरात नेहमी म्हणत असे, असे स्कारफेसने सांगितले आहे. गाण्याची मूळ कल्पना आणि शब्दांचा मोठा भाग त्याचाच. आयझॅक हेज ह्या ज्येष्ठ संगीतकाराने १९७४ च्या एका चित्रपटासाठी केलेल्या रचनेतील गिटारीचा लहानसा तुकडा उचलून, तो फिरवीत ठेवून हा ताल बांधला आहे. जुन्या ध्वनिमुद्रणातील तुकडा घेऊन त्यावर नवी इमारत रचण्याची ही पद्धत रॅपमध्ये सर्रास आहे. पण इथे तो तुकडा विशेष बोलका ठरला आहे. गिटार गोड आहे, काहीशी थकलेली आहे. आणि तिच्यावर येणारे शब्द भीतीचे आहेत.

गाण्यात काय आहे? एक दांडगा माणूस आहे. त्याच्याजवळ पैसा आहे, दरारा आहे. परंतु त्याला झोप येत नाही. कोणीतरी आपल्या पाळतीवर आहे, असे त्याला वाटते. मागे वळून पाहावे, तर कोणी नाही. दुरावलेली प्रिय व्यक्ती आठवते. शेवटच्या कडव्यात तर ज्याच्याशी हातघाईची मारामारी चालली होती, तो शत्रू नाहीसा होतो आणि उरतात ती रस्त्यावर आपटून रक्ताळलेली आपलीच मुठी. ज्या प्रकारच्या संगीतात प्रत्येक जण ‘मी कोणाला भीत नाही’ असे ओरडत होता, त्यात ह्यूस्टनच्या पोरांनी ‘मला भीती वाटते’ असे सांगितले. हे गाणे अमेरिकेतील सर्वसाधारण लोकप्रियतेच्या यादीत २३ व्या क्रमांकापर्यंत चढले. दक्षिणेच्या रॅपला त्या आधी एवढा मान क्वचितच मिळाला होता.

हे गाणे समजून घेतल्यावर मला झोप आली नाही, हे कबूल करतो. माझे आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या गाडीतून निघायचे आणि उन्हाळा लागल्यावर परतायचे. मधले पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरात खोप घालून राहायचे. मीही लहानपणी त्या खोपींत राहिलो आहे. वडील अंगाने धिप्पाड. उसाची मोळी सहज डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढतात. गावात त्यांना कोणी भित्रे म्हणणार नाही. पण ज्या वर्षी उचल फिटत नाही, त्या वर्षी ते रात्री दोन-तीनदा उठतात, दाराची कडी लागली आहे का ते हाताने चाचपून पाहतात आणि पुन्हा येऊन बसतात. आमच्या घरात चोरण्यासारखे काहीच नाही. मी लहानपणी विचारले होते, ‘‘आण्णा, काय झालं?’’ ‘‘काय न्हाई, झोप तू,’’ एवढेच उत्तर मिळाले. आमच्याकडे माणसाला ताप येतो, कंबर धरते, हात कापतो. पण मनाला काही होते, असे कोणी म्हणत नाही. कोणी म्हटलेच, तर ‘डोकं फिरलंय’ एवढाच शब्द उपलब्ध आहे. ते कडी चाचपणे म्हणजे काय, हे मला एका परक्या देशातील, परक्या भाषेतील गाण्यावरून कळावे, ही गोष्ट मला अजूनही चमत्कारिक वाटते.

असो. पुन्हा मूळ विषयाकडे वळतो. १९९१ मध्येच स्कारफेसची पहिली स्वतंत्र तबकडी आली आणि १९९३ मध्ये दुसरी. १९९४ ची ‘द डायरी’ हिने त्याचे स्थान पक्के केले. ज्या गाण्याच्या नावापासून हा लेख सुरू झाला, ते ह्याच तबकडीतील. तुरुंगातून सुटून आलेला एक तरुण नव्याने जगू पाहतो, जुनी वाट सुटत नाही, आणि अखेर तो मरणाच्या दारी पोहोचतो. त्याच्या शेवटच्या क्षणांजवळ बसून कोणी समजुतीने बोलावे, तसे ते गाणे आहे. आधीच्या गाण्यांत माणसे पटापट मरत असत आणि पुढचे कडवे सुरू होई. इथे एकच माणूस मरतो आणि त्याला पूर्ण वेळ दिला आहे. स्कारफेसच्या कलेतील हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

आणि आता ती चूक. ‘आय सीन’ हे रूप अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या आणि दक्षिणेतील कष्टकरी गोऱ्यांच्याही बोलीत नित्याचे आहे. ते लहर लागेल तसे येत नाही, नियमाने येते. बोलीचे व्याकरण वेगळे असते, व्याकरणाचा अभाव नसतो. हे मी सरांना सांगायला गेलो, तेव्हा मराठीच्या बाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी विचारले, ‘‘तुमच्या गावाकडे ‘मी पाहिले’ला काय म्हणतात रे?’’ मी गप्प राहिलो. त्याला कारण होते. प्रथम वर्षाला असताना एका वक्तृत्व स्पर्धेत मी भाषणाच्या ओघात ‘म्या पाह्यलं’ असे बोलून गेलो होतो. सभागृहात हशा पिकला. पुढचे पाठ केलेले सारे भाषण मी विसरलो आणि खाली उतरलो. त्यानंतर वर्षभर व्यासपीठाची पायरी चढलो नाही. तासालासुद्धा दोनदा मनात घोकून मगच तोंड उघडीत असे.

बाईंना ते ठाऊक नसावे. मी खालमानेने ‘‘म्या पाह्यलं’’ म्हणालो. त्यांनी कपाटातून तुकोबांची गाथा काढली आणि पाने उलटून मला एकेक जागा दाखवली : ‘म्यां’, ‘म्यां’, ‘म्यां’! ज्ञानेश्वरीतही ‘मियां’ आणि ‘म्यां’ ही रूपे आहेत, असे त्यांनी सांगितले. ‘मी’चे तृतीयेचे हे जुने रूप. प्रमाण भाषेने ते सोडले. आमच्या बीडकडच्या शेतमजुरांनी ते जपून ठेवले. ज्याला हशा मिळाला, तो शब्द संतांच्या तोंडचा होता. मला त्या वेळी काय वाटले, ते लिहिता येणार नाही.

दक्षिणेच्या रॅपचेही असेच झाले. ऑगस्ट १९९५ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘द सोर्स’ ह्या नियतकालिकाचा पुरस्कार-समारंभ होता. अटलांटा शहरातील ‘आउटकास्ट’ ह्या जोडीला नवोदितांचा पुरस्कार जाहीर होताच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. तेव्हा त्यांतील आंद्रे ह्या तरुणाने, दक्षिणेलाही काही सांगायचे आहे, अशा अर्थाचे वाक्य उच्चारले आणि तो खाली उतरला. ते वाक्य पुढे म्हणीसारखे झाले. पण ते उच्चारण्यासाठी जी जमीन लागते, ती ह्यूस्टनने आधीच नांगरून ठेवली होती, हे विसरता कामा नये.

पुढचा चढता आलेख थोडक्यात सांगतो. १९९७ ची ‘द अनटचेबल’ ही तबकडी अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. त्यातील ‘स्माइल’ ह्या गाण्यात टुपॅक शकुर हा मित्र त्याच्या जोडीला आहे; गाणे बाहेर येण्यापूर्वीच, सप्टेंबर १९९६ मध्ये, टुपॅकचा गोळीबारात अंत झाला होता. २००० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डेफ जॅम ह्या नामांकित कंपनीने दक्षिणेसाठी स्वतंत्र शाखा काढली आणि तिचा प्रमुख म्हणून स्कारफेसला नेमले. ज्यांनी दार लावून घेतले होते, त्यांनीच किल्ली हाती दिली! अटलांटाचा लुडाक्रिस हा पुढे जगभर गाजलेला कलावंत त्याच्याच कारकिर्दीत त्या शाखेत आला. २००२ मध्ये ‘द फिक्स’ ही तबकडी निघाली आणि ‘द सोर्स’ने तिला पाचपैकी पाच गुण दिले. ‘ऑन माय ब्लॉक’ हे तिच्यातील गाणे म्हणजे आपल्या गल्लीचे चित्र आहे. तीत नायकही नाही आणि खलनायकही नाही. रोजची माणसे आहेत.

ह्याच काळात ह्यूस्टनचा आणखी एक कलावंत, डीजे स्क्रू, गाण्यांचा वेग मुद्दाम कमी करून, त्यांना जड आणि संथ करून फिती काढीत असे. तो २००० साली अकाली गेला. दक्षिणेच्या ज्या संथपणाला लोक हसत, त्याचीच त्याने शैली केली. २०२० मध्ये मिनिआपोलिस येथे पोलिसाच्या गुडघ्याखाली ज्याचा जीव गेला, तो जॉर्ज फ्लॉइड ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डात वाढला होता आणि डीजे स्क्रूच्या फितींवर त्याचाही आवाज आहे.

आयुष्याच्या उत्तरार्धात स्कारफेस राजकारणातही उतरून पाहिला. २०१९ साली त्याने ब्रॅड जॉर्डन ह्या खऱ्या नावाने ह्यूस्टन नगरपरिषदेची निवडणूक आपल्याच भागातून लढवली. तो दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचला. परंतु डिसेंबरमधील त्या फेरीत त्याचा पराभव झाला. त्याच वर्षी जूनमध्ये बुशविक बिल कर्करोगाने वारला होता. पुढच्याच वर्षी, मार्च २०२० मध्ये, स्कारफेसला करोनाची बाधा झाली. जीव वाचला, मात्र दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्याला डायलिसिसवर दिवस काढावे लागले. मूत्रपिंड देणारा कोणी आहे का, असे त्याने जाहीरपणे विचारले. अखेर २०२१ मध्ये त्याच्या मुलाने आपले एक मूत्रपिंड त्याला दिले. ज्याने आपल्या गाण्यांत शेकडो मरणे सांगितली, त्याला जगण्याचे दान घरातूनच मिळाले. डिसेंबर २०२३ मध्ये एका सार्वजनिक नभोवाणीसाठी त्याने छोट्याशा जागेत, वादकांना सोबत घेऊन आपली जुनी गाणी पुन्हा सादर केली. त्याचे चित्रण मी पाहिले आहे. वय त्रेपन्न, दाढी पिकलेली. गाताना मधूनच हसतो. वीस वर्षांच्या मुलाने लिहिलेली भीती पन्नाशी ओलांडलेला माणूस शांतपणे सांगतो आहे, असे ते दृश्य आहे.

आता कोणी विचारील, की हे सगळे आपल्याला कशाला हवे? ऊसतोड मजुराच्या मुलाने टेक्सासच्या गायकाची चरित्रे का वाचावीत? ह्याचे एक उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९६६ साली अमेरिकेत ‘ब्लॅक पँथर’ ही संघटना निघाली आणि १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी तिच्या नावावरून ‘दलित पँथर’ स्थापन केली. त्याच काळात ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने जी भाषा कवितेत येऊच शकत नाही असे मानले जाई, ती कवितेत आणली. तेव्हाच्या तरुणांनी सातासमुद्रापलीकडच्या माणसांचे दुःख ओळखले, ते नकाशावरचे अंतर मोजून नव्हे.

दुसरे उत्तर माझे स्वतःचे आहे, आणि ते लहान आहे. प्रमाण भाषा शिकू नये, असे मी मुळीच म्हणत नाही. हा लेख मी प्रमाण भाषेतच लिहिला आहे, आणि ती यावी म्हणून मी कष्ट घेतले आहेत. स्कारफेसलाही पुस्तकी इंग्रजी कळत असणारच. पण जे आपण डोळ्यांनी पाहिले, ते सांगताना ज्या शब्दांत पाहिले त्याच शब्दांत सांगण्याची मुभा माणसाला असावी. नाहीतर शब्द शुद्ध होतात आणि पाहिलेले मात्र आतच राहून जाते.

ह्या दिवाळीत आई-वडील निघण्यापूर्वी दोन दिवस मी घरी होतो. रात्री वडील उठले. मीही उठलो आणि त्यांच्याजवळ जाऊन बसलो. म्हणालो, ‘‘आण्णा, कडी म्या लावलीय. म्या पाह्यलंय.’’ ते काही बोलले नाहीत. बराच वेळ आम्ही दोघे तसेच बसून होतो. मग त्यांनी उचलीचा आकडा मला सांगितला, आयुष्यात पहिल्यांदा.

स्नेहसंमेलनातील वक्तृत्व स्पर्धेसाठी मी ह्या वर्षी नाव दिले आहे.